सगळे ‘हिस्पॅनिक’च? मॉर्गन्टनच्या कोंबडी कारखान्याचे प्रकरण

१९८९ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातून एक मोठी व्हॅन फ्लोरिडाकडे निघाली. मॉर्गन्टन गावात केस फार्म्स या कंपनीचा कोंबडीप्रक्रियेचा कारखाना होता आणि गाडी त्याचा मनुष्यबळ अधिकारीच चालवत होता. फ्लोरिडातल्या इंडियनटाउन गावात एक कॅथलिक चर्च ग्वातेमालाच्या निर्वासितांना आसरा देते, असे त्याने ऐकले होते. परतताना व्हॅनमध्ये दहाएक माणसे होती. त्यांचे काम पसंत पडले आणि मग अशीच माणसे येत राहिली.

स्पॅनिश बोलणारे मजूर हवे होते, तर मेक्सिकन जवळच मिळाले असते. ते का नकोत, हे या अधिकाऱ्याने पुढे एका इतिहासकाराला मोकळेपणाने सांगितले. मेक्सिकन नाताळला घरी जातात आणि सहा आठवडे फिरकत नाहीत. कोंबडीच्या धंद्याला ते परवडत नाही. ग्वातेमालन मात्र परत जाऊच शकत नाहीत, गेले तर गोळी खातील. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ हा.

हिस्पॅनिक म्हणजे अमेरिकेतले, स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेले लोक. ‘हिस्पॅनिक कर्मचाऱ्यांमधील सांस्कृतिक फरक’ हा विषय व्यवस्थापनाच्या वर्गात निघाला की मला हेच प्रकरण घ्यावेसे वाटते. त्याचे कारण हे संभाषण. व्यवस्थापनाला फरक दिसत नव्हता असे म्हणायची सोय इथे नाही. फरक त्याला नीट दिसला होता. फक्त त्यातला स्वतःच्या कामाचा तेवढाच त्याने उचलला.

कारखाना आणि गाव

मॉर्गन्टन हे ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याचे, बर्क परगण्याचे मुख्य गाव. फर्निचर आणि कापड हे जुने उद्योग. शेजारचे व्हॅल्डीज गाव १८९३ मध्ये इटलीच्या आल्प्समधून आलेल्या वॉल्डेन्शियन पंथाच्या लोकांनी वसवलेले. म्हणजे परकी बोली आणि परकी प्रार्थना या भागाने आधीही पाहिली होती. लाओसमधून आलेले ह्मोंग निर्वासितही या परिसरात स्थिरावले होते.

कोंबडीचा धंदा त्या दशकात झपाट्याने बदलत होता. अख्खी कोंबडी विकण्याचे दिवस सरत होते. १९८३ मध्ये मॅकडोनाल्ड्सने नगेट्स देशभर विकायला काढले आणि सुट्या, हाडे काढलेल्या मांसाची मागणी वाढत गेली. हाडे काढायची म्हणजे माणसे हवीत, तीही भरपूर. काम कसले? अंधारलेल्या खोलीत फडफडणाऱ्या जिवंत कोंबड्या पायांनी उचलून डोक्यावरून सरकणाऱ्या आकड्यांत अडकवायच्या. पुढे थंडगार दालनात, ओल्या फरशीवर उभे राहून तोच एक काप दिवसभर मारत राहायचा. मनगटे आणि खांदे निकामी होतात. स्थानिक गोरे आणि काळे कामगार येत आणि सोडून जात. या गळतीवर कंपनीने शोधलेला उपाय व्हॅनमध्ये बसून आला होता.

आलेली माणसे कोण होती

नोंदवहीत सगळे ‘हिस्पॅनिक’. हा रकाना फार जुना नाही. अमेरिकन काँग्रेसने १९७६ मध्ये स्पॅनिश मूळ असलेल्या लोकांची आकडेवारी गोळा करण्याचा कायदा केला, १९७७ मध्ये सरकारी वर्गवारीत ‘हिस्पॅनिक’ हा गट ठरला आणि १९८० च्या जनगणनेत तो प्रत्येक घरापर्यंत पोचला. शंभर किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना दरवर्षी सरकारला जो तक्ता द्यावा लागतो, त्यातही हाच रकाना. भेदभाव उघड करायला या वर्गवारीचा उपयोग झाला आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ती मोजणीसाठी केलेली आहे. तिच्यावरून माणसाचा स्वभाव सांगायला बसले की घोटाळा होतो.

व्हॅनमधून आणि तिच्या मागोमाग मॉर्गन्टनला पोचलेले बहुतेक कामगार माया, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजांपैकी होते, ग्वातेमालाच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ वेवेतेनांगो प्रांतातले. इंडियनटाउनमधली वस्ती मुख्यतः सान मिगेल अकातान आणि आसपासच्या गावांची, कांखोबाल आणि तिच्या जवळची अकातेको या भाषा बोलणारी. त्यांच्यानंतर आग्वाकातान या गावचे लोक आले. हा तालुका लसणाच्या शेतीसाठी प्रसिद्ध, आणि तिथे एकाच खोऱ्यात दोन समाज शेजारी नांदतात: आवाकातेको आणि चालचितेको. बाहेरच्याला दोघांत फरक सांगता येणार नाही, पण त्या दोघांना तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. जमीन, पाणी, गावकी, चर्च, सगळीकडे दोन बाजू. शिवाय किचे आणि माम बोलणारेही होते. या भाषा परस्परांना कळतातच असे नाही. अनेकांची स्पॅनिश ही शाळेत किंवा सैन्यात कामापुरती शिकलेली दुसरी भाषा होती, आणि बायकांमध्ये तर तीही अनेकदा तोडकीमोडकीच.

थोडक्यात, ‘आम्ही सूचना स्पॅनिशमध्ये लावल्या आहेत’ एवढ्याने काम भागत नव्हते.

नावांचा गोंधळ वेगळाच. कांखोबाल आणि अकातेको भागांत बापाचे पहिले नाव मुलाच्या नावामागे आडनावासारखे लागते. त्यामुळे हुआन पास्कुआल आणि पास्कुआल हुआन ही दोन वेगळी माणसे, बहुधा बाप-लेक. पगारपत्रक करणाऱ्या कारकुनाला ही माणसे नाव उलटसुलट सांगून फसवत आहेत असे वाटले, तर नवल नाही.

मेक्सिकन सहकाऱ्यांशी आणि लादिनो, म्हणजे माया नसलेल्या ग्वातेमालन लोकांशी त्यांचे नातेही सरळ नव्हते. ग्वातेमालात ‘इंदियो’ ही शिवी आहे. चांगली स्पॅनिश येणारा डोंगरातल्या माणसाला खालचा समजतो, आणि हा समज सीमा ओलांडून कारखान्यातही येतो. इंग्रजी-स्पॅनिश दोन्ही येणाऱ्या माणसाला साहेब दुभाषा करतो, दुभाषाचा पर्यवेक्षक व्हायला वेळ लागत नाही, आणि मग लाइनवरच्या माया बाईला आपली तक्रार अशा माणसाकडे न्यावी लागते, ज्याच्या तोंडून तिने गावी ती शिवी ऐकलेली असते. वरच्या मजल्यावरून पाहिले तर दोघेही हिस्पॅनिक, एकमेकांना समजून घेणारे!

युद्ध आणि कागद

हा भाग सांस्कृतिक प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत सहसा नसतो. माझ्या मते प्रकरणाचे मूळ इथेच आहे.

ग्वातेमालातले यादवी युद्ध १९६० ते १९९६ चालले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लष्कराने डोंगराळ भागातली गावेच्या गावे जाळली. युद्धानंतर नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये दिलेल्या अहवालात मृत आणि बेपत्ता मिळून दोन लाखांहून अधिक माणसे गेल्याचा अंदाज मांडला. ज्यांची पूर्ण ओळख पटली त्या बळींत ८३ टक्के माया होते. मॉर्गन्टनला आलेल्या अनेकांनी हे स्वतः पाहिलेले, किंवा त्यातून घरचे कोणी गमावलेले.

अमेरिकेने मात्र त्यांना निर्वासित मानायला फारशी तयारी दाखवली नाही. ग्वातेमालाचे लष्करी सरकार शीतयुद्धातला मित्र होते. १९८४ मध्ये ग्वातेमालन लोकांच्या आश्रयाच्या अर्जांपैकी तीन टक्केसुद्धा मंजूर झाले नाहीत. चर्चसंस्थांनी यावर खटला भरला आणि १९९१ च्या तडजोडीने ग्वातेमाला आणि एल साल्वादोरच्या लोकांना नव्याने सुनावणी मिळाली. अर्ज प्रलंबित असेपर्यंत कामाचा परवाना मिळे.

आता लाइनवरची माणसे या नजरेने पाहा. मेक्सिकन कामगाराला आश्रय मागायला युद्धाचे कारण सांगता येत नव्हते, पण त्याला सीमा ओलांडून जाता-येता येत होते, आणि काम नको झाले तर गावी परतायची वाट होती. माया कामगाराला कागदाचा तात्पुरता आधार होता, पण परतीचा रस्ता बंद होता. एक जण नाताळला घरी जातो आणि दुसरा जात नाही, याला ‘मेक्सिकन बेभरवशाचे, ग्वातेमालन निष्ठावान’ असे नाव देणे म्हणजे परिस्थितीलाच स्वभाव म्हणणे. मनुष्यबळ अधिकाऱ्याला खरे कारण माहीत होते, हे आपण वर पाहिलेच. तरीही पुढे कामगार शांत, कष्टाळू, उलट न बोलणारे अशी ख्याती झाली आणि कारखान्याने तिच्यावर विसंबून नियम केले.

अशा ख्यातीला शास्त्राचा टेकूही मिळतो. संस्कृतींच्या तुलनेत खीर्त हॉफस्टेड या डच अभ्यासकाचे निर्देशांक जगभर शिकवले जातात. त्यांत ग्वातेमालाचा सत्ता-अंतराचा, म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठ ही उतरंड लोक किती मान्य करतात याचा आकडा ९५, अगदी वरच्या टोकाला, आणि व्यक्तिवादाचा आकडा ६, सगळ्यांत खाली. अर्थ असा लावला जातो की हे लोक वरिष्ठांचा शब्द मोडणार नाहीत. पण हे आकडे आले कुठून? आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीतून. त्या काळी ग्वातेमालात आयबीएमच्या कचेरीत काम करणारा शिकलेला शहरी नोकरदार आणि आग्वाकातानचा लसूण पिकवणारा शेतकरी यांच्यात पासपोर्टच्या रंगाशिवाय फारसे काही सारखे नव्हते. त्यातही शेतकऱ्याकडे पासपोर्ट असलाच तर.

संप

१९९३ च्या मे महिन्यात सुमारे शंभर कामगारांनी काम थांबवले. तक्रारी अगदी साध्या होत्या: पगार कमी, लघवीला जाऊ देत नाहीत, आणि एप्रन-हातमोज्यांचे पैसे पगारातून कापतात. कंपनीने पोलीस बोलावले. ५२ जणांना अतिक्रमणाच्या आरोपाखाली अटक झाली.

सत्ता-अंतर ९५ असलेली माणसे!

१९९५ मध्ये पुन्हा, आणि मोठ्या प्रमाणावर. दोनशेहून अधिक कामगार बाहेर पडले, चार दिवस संप चालला, आणि त्यातून युनियनसाठी मतदान मागितले गेले. लेबरर्स इंटरनॅशनल युनियन ही मुळात बांधकाम मजुरांची संघटना. तिच्या बाजूने २३८ आणि विरोधात १८३ मते पडली. दक्षिणेकडच्या राज्यात, युनियनची फारशी परंपरा नसलेल्या भागात, नुकत्याच आलेल्या आणि निम्मीअर्धी स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांनी हे घडवले, याची तेव्हा बरीच चर्चा झाली.

हे कसे जमले? १९९५ च्या लढ्यात पुढे होते ते मुख्यतः आग्वाकातानचे लोक. त्यांच्याकडे आधीपासून एक यंत्रणा होती. कोण कुणाकडे उतरला, कुणाचे देणे कुणाकडे आहे, कुणाच्या शब्दाला वजन आहे, हे सगळ्यांना माहीत. कोणी वारला तर मृतदेह गावी पाठवण्यासाठी वर्गणी गोळा होई. वेवेतेनांगोच्या डोंगरांत साठ-सत्तरच्या दशकांत कॅथलिक धर्मशिक्षकांची आणि सहकारी संस्थांची मोठी चळवळ झाली होती, त्यामुळे सभा घेणे आणि गावकीचे काम वाटून घेणे या पिढीला नवे नव्हते. कंपनीने गावाच्या साखळीतून माणसे आणली, कारण ती साखळी फुकट भरती करून देत होती. तीच साखळी संपात उभी राहिली. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना जॉबर आठवेल: गावची, नात्यातली माणसे भरणारा, मालकाचा हात असलेला, आणि प्रसंगी सगळे खाते घेऊन बाहेर पडणारा. फरक इतकाच की मॉर्गन्टनमध्ये अधिकृत जॉबर नव्हता. साखळीला तोंड कुठे आहे हेच व्यवस्थापनाला कळले नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मागण्यांमध्ये ‘माया’ असे काहीच नव्हते. शौचालय, हातमोजे आणि पगार यांसाठी कुठल्याही देशाचा माणूस चिडतो. बाजूने पडलेल्या मतांत इतरांचीही असणार. संप *का* झाला याचे उत्तर संस्कृतीत शोधू नये. तो *कसा* झाला, कोणामार्फत निरोप फिरले, कोण आधी उठले आणि कोण बसून राहिले, याचे उत्तर मात्र गाव आणि भाषा समजल्याशिवाय मिळत नाही. विविधतेच्या कार्यशाळांत या दोन प्रश्नांची गल्लत हमखास होते, आणि ती व्यवस्थापनाच्या सोयीची असते: हातमोज्यांचे पैसे परत देण्यापेक्षा एक दिवसाचे प्रशिक्षण स्वस्त पडते.

युनियनचीही अडचण

युनियनने माणसे ओळखली आणि कंपनीने नाही, असा सोपा निवाडा मी देणार नाही. युनियनचे कार्यकर्ते स्पॅनिशमधून बोलत. त्यांच्या डोळ्यांपुढे ‘लॅटिनो कामगार’ होता. आवाकातेको पुढे आले म्हटल्यावर चालचितेको मागे राहणार, हे गावच्या राजकारणात लिहिलेलेच होते. कांखोबाल लोक आधी आलेले, त्यांचा प्रश्न निराळा: आम्ही इथे बसवलेली घडी नंतर आलेल्यांनी का विस्कटावी? इव्हँजेलिकल या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये जाणाऱ्यांपैकी काहींना संपाचे वावडे, कॅथलिकांना धर्मगुरूचा पाठिंबा. गावकीने संप उभा केला खरा, पण ती गावाच्या वेशीपाशी थांबते. ह्मोंग, काळे, गोरे आणि मेक्सिकन कामगारांपर्यंत ती आपोआप पोचत नाही. तिथे खास मेहनत लागते आणि तिला काळ लागतो.

काळच कंपनीने मिळू दिला नाही. मतदानाच्या निकालाला तिने आव्हान दिले. हरकतींपैकी एक वाचण्यासारखी आहे: युनियनच्या प्रचाराने वांशिक भावना चेतवल्या, म्हणून मतदान रद्द करा. माणसे वंश आणि राष्ट्रीयत्व पाहून वेचणाऱ्या कंपनीने हा मुद्दा काढावा! राष्ट्रीय कामगार मंडळाने तो फेटाळला, १९९७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानेही मंडळाची बाजू उचलून धरली. पुढे वाटाघाटी झाल्या, पण करार झाला नाही. तोपर्यंत मतदान केलेल्यांपैकी बरेच जण कारखाना सोडून गेले होते. मतदानानंतर सहा वर्षांनी युनियनने अंग काढून घेतले. करार एकही नाही.

काय करता आले असते

वर्गात हा प्रश्न विचारला की मुले लगेच दुभाषे, सणांच्या सुट्ट्या आणि संस्कृतीची ओळख असे सुचवतात. वाईट नाही, पण क्रम चुकतो. पहिले पाऊल पगारपत्रकात होते: एप्रन आणि हातमोजे कंपनीच्या खर्चाने, शौचालयाला जायची ठरलेली सोय, आणि लाइनवर त्यासाठी बदली माणूस. याला कुठल्याही सांस्कृतिक अभ्यासाची गरज नव्हती. शिवाय युनियन नसली तरी कामगारांनी एकत्र येऊन तक्रार करण्याला १९३५ च्या कामगार संबंध कायद्याचे संरक्षण आहे आणि कागद नसलेला कामगारही त्या कायद्यात कामगारच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच सांगितले होते. पोलिसांना फोन करण्यापूर्वी वकिलाला केला असता तरी चालले असते.

दुसरे, प्रत्येक कामगाराला विचारायचे: घरी कोणती भाषा बोलता, कोणत्या भाषेतल्या सूचना समजतात, वाचता येते का. हा प्रश्न कोणत्या देशाचे आहात यापेक्षा निराळा आहे. सुऱ्या, रसायने आणि यंत्रे असलेल्या ठिकाणी लिहिलेल्या सूचनेपेक्षा त्या भाषेतल्या माणसाने करून दाखवलेले प्रात्यक्षिक उपयोगी पडते. पण दुभाषा निवडताना गाव पाहावे लागते. आवाकातेको माणसाला चालचितेकोंच्या तक्रारी ऐकायला बसवले तर तक्रारीच येणार नाहीत, आणि व्यवस्थापन त्याचा अर्थ समाधान असा घेईल.

तिसरे, दुभाषा आणि पर्यवेक्षक ही दोन कामे एकाच माणसाकडे नकोत. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच तोंडून ती साहेबापर्यंत पोचायची, ही रचना कुठल्याही संस्कृतीत चालत नाही.

भरतीबद्दल माझे मत जरा कडक आहे. परत जाता येत नाही म्हणून माणूस निवडणे हे निष्ठेवर नव्हे, असहायतेवर बेतलेले धोरण आहे. आणि राष्ट्रीयत्व पाहून एकाला घ्यायचे व दुसऱ्याला टाळायचे, यात १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचाही प्रश्न येतो. ‘हिस्पॅनिक’ रकान्यात सगळे एकत्र दिसत असल्याने वार्षिक तक्त्यात हा भेद कुठे उमटत नाही. मेक्सिकन वगळून ग्वातेमालन घेतले तरी बेरीज तीच राहते.

ग्वातेमालाने २००३ मध्ये चालचितेकोला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली आणि देशातल्या मान्य माया भाषा २२ झाल्या. अमेरिकन सरकारची वर्गवारी २०२४ मध्ये बदलली. मूळ अमेरिकन गटाच्या व्याख्येत उदाहरण म्हणून आता ‘माया’ हे नाव स्पष्ट लिहिले आहे आणि एकाच माणसाला दोन-तीन चौकोनांत खूण करता येते. कंपन्यांच्या तक्त्यांना ही वर्गवारी लागू होईल तेव्हा लाइनवरच्या माणसाला नवा चौकोन कोण दाखवतो, कोणत्या भाषेत, आणि तो माणूस त्याच्या पर्यवेक्षकाचा पुतण्या तर नाही ना, हे विचारावे लागेल.